मदत हवी आहे: पेन प्लॉटरवर एकेरी रेषेची देवनागरी

नमस्कार मंडळी. मी कळव्यात राहतो. घरीच पेन प्लॉटर (संगणकाच्या आज्ञेवर पेन फिरवून लिहिणारं यंत्र) जोडलाय: अर्डुइनो उनो हा छोटा नियंत्रक बोर्ड, त्यावर मोटर चालवणारं जीआरबीएल सॉफ्टवेअर, पेन उचलायला छोटी सर्वो मोटर, साधं जेल पेन. बहिणीच्या लग्नाच्या 250 पाकिटांवर नावं-पत्ते मराठीत लिहायचे आहेत.

इंग्रजी सुरेख येतं, कारण इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधल्या हर्शी टेक्स्ट या सोयीत एकेरी रेषेचे फॉन्ट आहेत, म्हणजे अक्षराची प्रत्येक रेघ पेन एकदाच ओढतं. माझ्याकडचे देवनागरी फॉन्ट मात्र सगळे बाह्यरेषेचे. 'श्री' लिहायला दिलं की पेन अक्षराच्या काठाकाठाने फिरतं आणि आत पोकळ राहतं. इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपमधलं सेंटरलाइनही (चित्रातल्या जाड रेघेची मधली रेघ काढणं) करून पाहिलं. दंड शिरोरेषेला मिळतो तिथे रेघ वाकडी होते, जोडाक्षरात तर चक्क गाठ पडते. फॉन्ट बदलून, जाड-बारीक करूनही तेच.

छापून घेण्याचा पर्याय नको, आईला शाईनेच लिहिलेलं हवंय. सॉफ्टवेअर शक्यतो मोफत असावं.

देवनागरीचा एकेरी रेषेचा फॉन्ट कोणी प्लॉटरवर वापरलाय का? नसेल तर मी सगळी अक्षरं टॅबलेटवर स्वतः रेखायला तयार आहे, पण मग काना-मात्रा आणि जोडाक्षरं आपोआप कशी जुळवायची, आणि शिरोरेषा शब्द संपल्यावर एकाच फटकाऱ्यात कशी काढून घ्यायची?