आप्पांच्या जुन्या व्हीसीडी-डीव्हीडी पेनड्राईव्हवर घ्यायच्या आहेत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या आप्पांकडे ३१ ओरिजिनल डिस्क आहेत. मराठी सिनेमे, चार-पाच नाटकं आणि हैदराबादला सूत आणायला जायचे तेव्हा घेतलेले तीन तेलुगू सिनेमे. सगळ्या पैसे मोजून घेतलेल्या, काहींच्या आत पावत्यासुद्धा आहेत. आप्पांचा हिशेब तसाच असतो.

आमचं घर पूर्व भागात, मागच्या खोलीत दोन लूम. डिस्कचं कपाट पत्र्याखाली. सोलापूरचा मे महिना सांगायला नको, त्यात सुताची तूस सगळीकडे. प्लेअर दिवाळीत गेला आणि दुरुस्त करणारा म्हणाला पार्टच मिळत नाही. टीव्हीला यूएसबी आहे, म्हणून सगळं पेनड्राईव्हवर घ्यायचं ठरवलं.

आधी शहरातल्या एका दुकानात पाच डिस्क दिल्या. शंभर रुपयाला एक. फाईली मिळाल्या, पण आप्पांनी पहिल्या दहा मिनिटांत पकडलं: "यातलं गाणं कुठं गेलं?" नीट बघितलं तर कोपऱ्यात कुठल्याशा चॅनेलचा लोगो! म्हणजे आमची डिस्क ड्राईव्हमध्ये घातलीच नव्हती, नेटवरून उतरवून दिलं होतं. मग मीच बाराशेचा यूएसबी डीव्हीडी रायटर आणला.

आता अडचणी अशा. व्हीसीडी कॉपी करताना मध्येच 'सायक्लिक रिडन्डन्सी' (म्हणजे डिस्क नीट वाचता आली नाही) म्हणून थांबते. डीव्हीडीच्या फाईली कॉपी होतात, पण चालवल्या की हिरवे-गुलाबी चौकोन दिसतात. एक फाईल कशीबशी झाली तर पेनड्राईव्ह म्हणतो फाईल मोठी आहे, आणि जागा तर २० जीबी शिल्लक! शिवाय हे करणं कायद्यात बसतं का? पुण्याचा आत्येभाऊ "मलाही एक कॉपी पाठव" म्हणून मागे लागलाय.

– पूर्वभाग_लूमवाला

शेंगाचटणी: चौकोन दिसतात कारण डीव्हीडीवर सीएसएस नावाचं कुलूप असतं. नुसत्या फाईली ओढून घेतल्या तर कुलपासकट येतात. मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर वापरा, ते कुलूप काढून, दर्जा न घटवता एकच फाईल काढतं. ती ४-५ जीबीच्या पुढे जाते आणि तुमचा पेनड्राईव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असणार, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही. मग हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून एच.२६४ या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीत लहान करा. त्यानंतरची एच.२६५ नको, जुना टीव्ही आवाज देईल आणि चित्र देणार नाही. आणि मूळ मोठी फाईल हार्ड डिस्कवर राहू द्या, पुसू नका.

जुना_केबलवाला: व्हीसीडीचं दुखणं वेगळं. डेटा सीडीत चूक दुरुस्त करायला जादा माहिती असते, व्हीसीडीच्या चित्राच्या भागात ती नसते. त्या जागेत आणखी थोडं चित्र कोंबलेलं असतं. म्हणून प्लेअर जिथं नुसता अडखळून पुढं जायचा, तिथं संगणक हात टेकतो. डिस्क मऊ सुती कापडानं मधून कडेला सरळ पुसा, गोल गोल नाही. टूथपेस्टचे प्रयोग तर नकोच. ओरखडा खालच्या बाजूला असेल तर आशा आहे. छापील बाजूनं खरवडली असेल तर संपलं, कारण सीडीत माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. तरीही वाचली नाही तर जुन्या डेस्कटॉपचा ड्राईव्ह शोधा, माझ्या अनुभवात पातळ यूएसबीवाल्यांपेक्षा तो जास्त जिद्दी.

मोठ्या टीव्हीवर चित्र पुसट दिसणारच. ३५२ बाय २८८ पिक्सेलचंच आहे ते, सॉफ्टवेअरला दोष देऊ नका.

कोर्टाजवळचा: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठी उचित व्यवहाराची सूट आहे. अख्खा सिनेमा त्यात बसतो का, यावर वकील भांडू शकतील. २०१२ ला आलेलं कलम ६५-अ असं कुलूप तोडण्याबद्दल आहे, पण तिथं हक्कभंगाचा हेतू लागतो. त्यातच एक गंमत: दुसऱ्याला कुलूप उघडून देणाऱ्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता, कारण लिहून ठेवायचं असतं. तुमच्या दुकानदारानं वही काढली होती का? आत्येभावाला मात्र स्पष्ट नाही म्हणा. घराबाहेर प्रत गेली की 'खाजगी' म्हणायला तोंड राहत नाही. आणि मूळ डिस्क विकू नका, देऊ नका.

पूर्वभाग_लूमवाला: सगळ्यांचे आभार. आज २४ झाल्या. डीव्हीडी सगळ्या निघाल्या, तेलुगू तीनही. एका नाटकाची दुसरी सीडी छापील बाजूनंच गेलीय, ती सोडून दिली. आत्येभाऊ फुगलाय, बघू.

व्हीसीडीचे दोन-दोन भाग जोडून एकच फाईल करणार होतो. आप्पा म्हणाले, "जोडू नको. डिस्क बदलताना तुझी आई चहा टाकते." म्हणून भाग वेगळेच ठेवलेत.

सहा व्हीसीडी अजून अडून बसल्यात. अशोक चौक, कन्ना चौक या बाजूला कुणाकडे चालू ड्राईव्हचा जुना डेस्कटॉप असेल तर सांगा, मी डिस्क घेऊन येतो. अर्ध्या तासाचं काम आहे, शेंगाची चटणी माझ्याकडून.