टेक्सासमधल्या बंदूकविषयक विधेयकांचा माग कसा ठेवावा? (अधिवेशन २०२७)

कॅटीकर:
नमस्कार मंडळी. टेक्सास विधिमंडळाचं पुढचं अधिवेशन १२ जानेवारी २०२७ ला सुरू होतंय. बंदूक बाळगणं, सोबत नेणं, लायसन्स, मनाई असलेल्या जागा या विषयांवरची विधेयकं मला मूळ ठिकाणी वाचायची आहेत. व्हॉट्सॲपवर "कायदा पास झाला" असं येतं आणि बघायला जावं तर ते विधेयक नुसतं दाखल झालेलं असतं. शोध कुठून सुरू करावा? विधेयक खरंच पुढे सरकतंय हे कशावरून ओळखायचं? आणि पास झालं तर लागू कधी होतं? घरात एक जण ग्रीन कार्डवर आहे आणि एक जण एच-१बीवर. त्याने काही फरक पडतो का, तेही सांगा.

कलम_४६:
टेक्सास लेजिस्लेचर ऑनलाइन ही विधिमंडळाची अधिकृत साइट. तिच्यावर 'माय टीएलओ' नावाचं मोफत खातं उघडा. त्यात विधेयकांची यादी करता येते आणि हालचाल झाली की ईमेल येते. ही झाली सोपी बाजू. खरी अडचण यादीत काय घालायचं ही असते.

बहुतेक जण 'गन' किंवा 'फायरआर्म' हा शब्द टाकून शोधतात आणि निम्मं हातातून निसटतं. इथल्या प्रत्येक विधेयकाचं शीर्षक 'रिलेटिंग टू' ने सुरू होतं आणि पुष्कळदा इतकं मोघम असतं की आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. म्हणून शब्दाऐवजी कलमावरून शोधा. साइटवर 'सेक्शन्स अफेक्टेड' असा शोध आहे. कोणतं विधेयक कायद्याच्या कोणत्या कलमाला हात लावतं, ते त्यात दिसतं. पीनल कोडचं, म्हणजे राज्याच्या फौजदारी कायद्याचं, ४६ वं प्रकरण आधी घ्या. ४६.०२ म्हणजे शस्त्र बेकायदा सोबत नेणं, ४६.०३ म्हणजे मनाई असलेल्या जागा, ४६.०५ म्हणजे मुळातच बंदी असलेली शस्त्रं. त्याच कोडमधली ३०.०५, ३०.०६ आणि ३०.०७ ही कलमं दुकानांच्या दारावरच्या पाट्यांची. लायसन्सचे नियम गव्हर्नमेंट कोडच्या ४११ व्या प्रकरणात, सबचॅप्टर एच मध्ये आहेत. शहरांना स्वतःचे नियम करता येतात की नाही, हे लोकल गव्हर्नमेंट कोडच्या २२९.००१ मध्ये. एवढं शोधलंत तर महत्त्वाचं फारसं काही सुटणार नाही.

आता मजकूर वाचण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात. अधोरेखित शब्द नवे. चौकोनी कंसात खोडलेले शब्द काढून टाकायचे. कलमांमधला बाकीचा मजकूर आजचाच कायदा असतो, केवळ संदर्भासाठी छापलेला. हा मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की अधोरेखनही जातं आणि खोडलेली रेघही जाते. कंस तेवढे उरतात. मग वगळायचं वाक्य वाचणाऱ्याला नवीन तरतूद वाटतं आणि वर्षानुवर्षं चालत आलेला नियम 'सरकारने आणलेला नवा नियम' होऊन फिरतो. अशा फॉरवर्डमध्ये चौकोनी कंस दिसले की थांबा आणि मूळ पीडीएफ उघडा.

आवृत्तीही पाहा. 'इंट्रोड्यूस्ड' म्हणजे दाखल केलं तसं. कमिटी बऱ्याचदा पूर्ण मजकूरच बदलून 'कमिटी सब्स्टिट्यूट' आणते. 'एन्ग्रोस्ड' म्हणजे एका सभागृहाने मंजूर केलेला मजकूर आणि 'एन्रोल्ड' म्हणजे दोन्ही सभागृहांनी मान्य केलेला अंतिम मजकूर. बातमी कितीही ठाम असो, 'एन्रोल्ड' आवृत्ती दिसत नसेल तर दोन्ही सभागृहांचं काम अजून संपलेलं नाही.

सत्र_१४०:
वरच्या उत्तराला वेळापत्रकाची जोड देतो, कारण टेक्सासमध्ये बहुतेक विधेयकं मतदानात हरत नाहीत, ती मुदतीत मरतात.

नियमित अधिवेशन विषम वर्षी आणि जास्तीत जास्त १४० दिवसांचं. २०२७ मध्ये शेवटचा दिवस ३१ मे. विधेयकं आधीच दाखल करायला ९ नोव्हेंबर २०२६ पासून सुरुवात होईल आणि ६० व्या दिवशी, म्हणजे १२ मार्चला, सर्वसाधारण दाखल करणं बंद होईल. त्यानंतर नवं विधेयक येणं कठीण, पण जुन्या विधेयकात दुरुस्ती म्हणून तोच मजकूर घुसू शकतो. म्हणून १२ मार्चनंतर यादी बंद करू नका, 'अमेंडमेंट्स' हा टॅब बघायला लागा.

हाउसची, म्हणजे खालच्या सभागृहाची, विधेयकं हाउसच्या कमिटीतून ११९ व्या दिवसापर्यंत बाहेर पडावी लागतात आणि १२२ व्या दिवसापर्यंत त्यांचं दुसरं वाचन, म्हणजे पूर्ण सभागृहातली चर्चा आणि मतदान, व्हावं लागतं. हे हाउसचे नियम आहेत, दर अधिवेशनाच्या सुरुवातीला नव्याने मंजूर होतात, त्यामुळे जानेवारीत एकदा ताडून बघा. तसेच राहिले तर १० मे आणि १३ मे २०२७ या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

२०२३ चं एचबी (हाउस बिल) २७४४ आठवा. काही सेमी-ऑटोमॅटिक रायफली विकत घेण्याचं किमान वय १८ वरून २१ करायचं, असं ते विधेयक होतं. युव्हाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारानंतर ते आलं. ८ मे २०२३ ला, नेमक्या ११९ व्या दिवशी, कमिटीने ते ८ विरुद्ध ५ मतांनी पुढे पाठवलं. मुलं गमावलेले आईवडील त्या दिवशी कॅपिटॉलमध्ये होते. अनेकांना वाटलं की आता होणार. पण कमिटीतून सुटलेलं विधेयक कॅलेंडर्स कमिटीने दिवसाच्या कामकाजात घ्यावं लागतं. ते दुसऱ्या रात्रीच्या मुदतीत घेतलं गेलं नाही आणि विधेयक तिथेच संपलं. बंदूक बाळगण्याच्या हक्कांच्या बाजूची विधेयकंही याच फटीत अडकतात. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, कमिटीचं मतदान म्हणजे अर्धासुद्धा रस्ता नाही, हे मनात पक्कं असू द्या.

साइटवर विधेयकाच्या पानाखाली सात टप्पे दाखवलेले असतात. रोज तेवढे बघितले तरी पुरे.

मत मांडायचं असेल तर हाउसची हिअरिंग पाच दिवस आधी जाहीर होते आणि टेक्सासच्या रहिवाशांना ऑनलाइन लेखी मत देता येतं. सिनेट मात्र २४ तासांच्या सूचनेवर हिअरिंग घेऊ शकतं. नोकरीच्या धावपळीत ते हमखास चुकतं, म्हणून कमिटीचाही ईमेल अलर्ट लावा.

कॅटीकर:
खूप उपयोगी, आभार. एक शंका: २०२५ चं एक हाउस विधेयक मी पाहिलं. नोंद मे महिन्यातच थांबलेली, पण तोच कायदा झाला असं सगळे म्हणतात. कुणाचं खरं? आणि लेजिस्कॅनसारखी साइट वापरली तर चालेल का?

कलम_४६:
दोन्ही खरं असू शकतं. 'कम्पॅनियन' बघा. एकच मजकूर हाउसमध्ये एचबी म्हणून आणि सिनेटमध्ये एसबी म्हणून दाखल होतो. जो आधी पुढे जातो त्यावर मतदान होतं आणि त्याचं जुळं बाजूला पडतं. यादीत दोन्ही घाला. शिवाय क्रमांक दर अधिवेशनात पुन्हा १ पासून सुरू होतात. ८९आर म्हणजे ८९ वं नियमित अधिवेशन. खास अधिवेशनांचा क्रम वेगळा. २०२५ च्या उन्हाळ्यात गव्हर्नरने दोन खास अधिवेशनं बोलावली होती, त्यामुळे नुसता क्रमांक सांगून भागत नाही. अधिवेशन संपलं की अपुरं राहिलेलं सगळं रद्द, पुढच्या वेळी पहिल्यापासून.

लेजिस्कॅन ५० राज्यं एका जागी दाखवतं, दोन-तीन राज्यांवर लक्ष ठेवायला सोयीचं आहे. मात्र मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तासातासाला स्थिती बदलते. तेव्हा अधिकृत साइटच धरा.

प्लेनोतली_वकीलताई:
लागू कधी होतं आणि व्हिसाने काय फरक पडतो, हे कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते.

दोन्ही सभागृहांत पास झालं तरी गव्हर्नर बाकी असतो. अधिवेशन चालू असताना त्याला रविवार सोडून १० दिवस. शेवटच्या १० दिवसांत पोचलेल्या विधेयकांसाठी अधिवेशन संपल्यापासून २० दिवस, म्हणजे २०२७ मध्ये २० जूनपर्यंत. तोवर सहीही नाही आणि नकारही नाही, तर विधेयक सहीविनाच कायदा होतं. टेक्सासमध्ये सही न करता खिशात ठेवून ते मारता येत नाही.

लागू होण्याची तारीख विधेयकाच्या अगदी शेवटच्या परिच्छेदात असते, म्हणून आधी शेवटचं पान उघडा. बहुतेकांत १ सप्टेंबर असतं. लगेच लागू करायचं तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात, म्हणजे हाउसमध्ये १०० आणि सिनेटमध्ये २१. एचबी १९२७, म्हणजे २१ वर्षं पूर्ण असलेल्या पात्र व्यक्तीला लायसन्सशिवाय हँडगन सोबत नेऊ देणारा कायदा, १६ जून २०२१ ला सही होऊन १ सप्टेंबरला लागू झाला. मधल्या अडीच महिन्यांत जुनाच नियम होता. त्या काळात घडलेला गुन्हा जुन्याच कायद्याने चालतो, तसं विधेयकातच लिहिलेलं असतं.

आता व्हिसा, आणि हे कृपया घरी मोठ्याने वाचून दाखवा. राज्याने काहीही सैल केलं तरी संघराज्याचा कायदा हटत नाही. ग्रीन कार्डधारक बंदूक घेऊ आणि बाळगू शकतो. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं ताब्यात ठेवायला १८ यूएससी ९२२(जी)(५)(बी) या संघराज्याच्या कलमाखाली मनाई आहे. मुख्य अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही ताब्यातच मोजली जाते. एचबी १९२७ सुद्धा संघराज्याच्या कायद्याने अपात्र असलेल्याला काहीही देत नाही. तुमच्या घरात तिजोरीची चावी किंवा आकडा एच-१बी असलेल्या माणसाकडे असेल, तर 'ताबा' कुणाचा हा प्रश्न खरोखर उभा राहू शकतो. बंदूक घेण्याआधी इमिग्रेशन आणि फौजदारी दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला विचारा. यात व्हिसाही जातो आणि तुरुंगही होतो.

याच जातीचं दुसरं उदाहरण २०२५ चं एसबी १५९६. शॉर्ट-बॅरल शस्त्रं राज्याच्या ४६.०५ च्या यादीतून निघाली. पण १६ इंचांपेक्षा कमी नळीच्या रायफलीची आणि १८ इंचांपेक्षा कमी नळीच्या शॉटगनची संघराज्याकडची नोंदणी कायम आहे. १ जानेवारी २०२६ पासून तिचा २०० डॉलरचा कर शून्य झाला, नोंदणी माफ झाली नाही. 'टेक्सासने परवानगी दिली' एवढंच वाचून कुणी नळी कापली तर तो सरळ फेडरल गुन्हा आहे.

सॅनहोजेकर:
कॅलिफोर्नियातले कुणी वाचत असतील तर थोडक्यात. आमचं सत्र दोन वर्षांचं, त्यामुळे विषम वर्षी अडकलेलं विधेयक पुढच्या वर्षी जिवंत होऊ शकतं. अधिकृत साइटवर 'कम्पेअर व्हर्जन्स' हा टॅब आहे. तो दर दुरुस्तीनंतर उघडा, कारण इथे सगळा मजकूर काढून दुसऱ्याच विषयाचा घालतात. २०१६ च्या प्रॉप ५४ पासून (मतदारांनी थेट मंजूर केलेला प्रस्ताव) अंतिम मजकूर मतदानाआधी ७२ तास लोकांसमोर असावा लागतो, म्हणजे वाचायला निदान तीन दिवस मिळतात. खर्च असलेली विधेयकं अप्रोप्रिएशन्स कमिटीच्या 'सस्पेन्स फाइल'मध्ये जातात आणि बरीचशी तिथेच चर्चेविना थांबतात. सही झाली तरी कोर्टाकडे लक्ष असू द्या. २०२३ च्या एसबी २ मधल्या मनाईच्या जागांचा मोठा भाग लागू व्हायच्या आधीच, डिसेंबर २०२३ मध्ये, फेडरल न्यायाधीशाने थांबवला होता आणि पुढे अपिलात त्यावरचे आदेश बदलत गेले. विधिमंडळाच्या साइटवर कोर्टाची स्थगिती दिसत नाही. ती राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या सूचनांमध्ये आणि कोर्टाच्या आदेशात शोधावी लागते.

कॅटीकर:
४६, ३०.०५ ते ३०.०७, ४११ आणि २२९ असे चार शोध आजच तयार करून ठेवतो. ताई, तिजोरीचा आकडा आजच बदलतो आणि तो फक्त ग्रीन कार्डवाल्याकडेच राहील. वकिलाची वेळही घेतो.

प्लेनोतली_वकीलताई:
काडतुसांचा डबासुद्धा त्याच तिजोरीत ठेवा. मनाई काडतुसांनाही आहे, आणि तो डबा गॅरेजच्या फळीवर उघडा राहतो.