एक्स्चेंजला गाडी देणारे सगळे बावळट नसतात

चक्रधर
परवा इथेच एकाने ठोकून दिलं की शोरूमला जुनी गाडी देणारा माणूस पन्नास-साठ हजारांवर पाणी सोडतो. आळस झटका, ओएलएक्सवर टाका, भाव मिळतोच. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हे अजिबात पटलेलं नाही आणि चार ओळींत मावेना, म्हणून वेगळा धागा.

शोरूममध्ये एका टेबलावर दोन सौदे होतात, जुनीचा आणि नवीचा. तुम्ही पहिला घट्ट धरून बसता, तो दुसऱ्यात काढून घेतो. म्हणून जुनीचे किती आले ते सोडा. "वर किती द्यायचे?" एवढंच विचारा.

आमच्या वॅगनआरचे एका शोरूमने ३ लाख लावले. घरात सगळे खूश. पण नव्या गाडीवर सूट फक्त १५ हजार, विमा त्यांच्याचकडून आणि वर २० हजारांच्या ॲक्सेसरीज गळ्यात. दुसऱ्याने जुनीचे २ लाख ६५ हजारच सांगितले, मात्र सूट ४५ हजार, ॲक्सेसरीज नकोत तर नकोत, विमा कुठूनही आणा. बाहेरचा विमा १४ हजारांनी स्वस्त पडला. करा बेरीज. पहिल्याकडे ३ लाख १५ हजारांतून ३४ हजार गेले, उरले २ लाख ८१ हजार. दुसऱ्याकडे पूर्ण ३ लाख १० हजार. भाव कमी सांगणाऱ्याकडे आमचे २९ हजार वाचले. (विमा आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती कुणालाही करता येत नाही, हे किती जणांना माहीत असतं?)

आधी नव्या गाडीचं लेखी कोटेशन घ्या, तेही जुनीचा विषय न काढता. मग जुन्या गाड्या घेणाऱ्या एक-दोन ऑनलाइन कंपन्यांकडून तपासणी करून भाव घ्या. एक्स्चेंजचं सगळ्यात शेवटी बोला. आणि मेव्हण्याच्या गाडीला तेव्हा किती आले होते ते विसरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला. नवीच स्वस्त झाली, तर जुनीला पूर्वीचा भाव कोण देणार?

गोदाकाठ
तो "एकाने" म्हणजे मी. सरळ नाव घ्यायचं होतं.

गणित बरोबर आहे, पण तुम्ही एका शोरूमची तुलना दुसऱ्या शोरूमशीच केलीत. आमच्या स्विफ्टला शोरूमवाला २ लाख १० हजारांच्या वर जाईना. बंपरच्या ओरखड्यावर बोट ठेवलं, टायर गेलेत म्हणाला. मागाहून कळलं की गाडी शोरूम ठेवतच नाही, ब्रोकरकडे जाते आणि तो फोनवर सांगेल तोच भाव. आम्ही सर्व्हिसची सगळी बिलं फायलीला लावली आणि कॉलनीतल्या एका शिक्षकांना २ लाख ७५ हजारांना गाडी दिली. सरळ ६५ हजार जास्त.

आणि एक्स्चेंज बोनस, म्हणजे जुनी दिल्याबद्दल नवीवर मिळणारी जादा सूट, गाडी बनवणाऱ्या कंपनीचा असतो, डीलरच्या खिशातला नाही. गाडी बाहेर विकून ट्रान्सफर झालेल्या आरसीची प्रत दिली तरी बोनस देणाऱ्या कंपन्या आहेत. शोरूमवाला हे आपणहून सांगत नाही.

घाटमाथा
एवढा वाद कशाला? पॉलिसीवरची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत बघा, तोच भाव.

चक्रधर
आयडीव्ही म्हणजे बाजारभाव नव्हे. ती एक्स-शोरूम किमतीतून ठरलेले टक्के वजा करून येते. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा, मग ती इनोव्हा असो नाहीतर कुणी ढुंकून न बघणारी गाडी. पाच वर्षांनंतर तर तुम्ही आणि विमा कंपनी संमतीने ठरवाल ती.

ऑक्टेन
खरं कारण कुणीच बोलत नाही. ई-२०, २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल! माझी २०१५ ची पेट्रोल गाडी बघायला आलेल्याने पहिलं विचारलं, "ई-२० चालतं का?" पंपावर दुसरं पेट्रोल ठेवायचं नाही आणि भाव आमच्या गाडीचा पाडायचा. ॲव्हरेज घटलं ते वेगळंच.

घाटमाथा
ऑक्टेन, त्यावर स्वतंत्र धागा चालू आहे, तिकडे लिहा.

वैदर्भी
गोदाकाठ, ६५ हजार ऐकायला छान वाटतात. माझ्या बाबांनीही सॅन्ट्रो अशीच बाहेर, ओळखीत विकली. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, पैसे घेतले. घेणारा आरटीओत फिरकलाच नाही. पुढे गाडी तिसऱ्याच्या हाती गेली. आधी बाबांच्या मोबाइलवर ई-चलनं यायला लागली, मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. गाडीचा विमा केव्हाच संपलेला. सत्तरी ओलांडलेला माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढत होता.

सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सांगून ठेवलंय, गाडी कुणाच्याही ताब्यात असो, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. हा धोका तुमच्या ६५ हजारांत कुठे धरलाय?

गोदाकाठ
वाईट झालं, ताई. पण कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी सोडली, यात बाहेर विकण्याचा काय दोष? राज्यातल्या राज्यात विकली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानेही १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. लोक नियम वाचत नाहीत आणि मग रडतात.

वैदर्भी
माझ्या बाबांना नियम शिकवू नका. ते जन्मभर पोस्टात होते. फॉर्म कोरे नव्हते, घेणाऱ्याचं नाव-पत्ता सगळं भरलेलं होतं. "मीच जाऊन देतो" म्हणून त्याने नेले आणि दिले नाहीत. शब्द मागे घ्या.

घाटमाथा
गोदाकाठ, हे फार झालं.

गोदाकाठ
"कोऱ्या" हा शब्द मागे घेतो, "रडतात" हाही. फॉर्म घेणाऱ्याच्या हाती सोडू नयेत, हे म्हणणं कायम.

एमएच चौदा
शोरूमला दिली म्हणजे सुटलो, या भ्रमातही कुणी राहू नका. माझी गाडी एका शोरूमने घेऊन ब्रोकरला दिली. कित्येक महिने ती माझ्याच नावावर. विचारायला गेलो की ठरलेलं उत्तर, "गिऱ्हाईक मिळालं की होईल." तोवर ती कोण चालवतंय, कुठे चालवतंय, मला पत्ता नाही. रात्री झोप लागत नव्हती.

वैदर्भी
म्हणूनच डीलरकडे आरटीओचं प्राधिकारपत्र आहे का ते आधी विचारायचं. १ एप्रिल २०२३ पासून नियम बदललेत. अशा अधिकृत डीलरला गाडी दिली की फॉर्म २९सी पोर्टलवर भरायचा आणि तिथून तो मानीव मालक, म्हणजे कायदा त्यालाच मालक धरतो. पुढची चलनं, अपघात त्याच्या माथी. ही सोय बाबांच्या वेळी असती तर!

एमएच चौदा
नियम चांगलाय, पण पिंपरीत मी विचारलं तर सेल्समनला २९सी ठाऊकच नव्हता.

पंचगंगा
मी जुन्या गाड्यांचाच धंदा करतो, कोल्हापुरात. ब्रोकर म्हणजे चोर, असं धरूनच सगळे बोलताय. गाडी घेतली की डेंटिंग-पेंटिंग, टायर, बॅटरी आमची. दोन महिने उभी राहिली तर अडकलेल्या पैशाचं व्याज आमचं. नफ्यावर १८ टक्के जीएसटी. आणि मीटर मागे फिरवून आणणारे मालकही येतात, हो, मालकच. पेडल आणि स्टिअरिंगची झीज बघून कळतं. भाव आम्ही उगीच पाडत नाही.

गोदाकाठ
मीटरचं मान्य. पण ज्याने मीटर फिरवलं नाही त्याने त्या चोराचा भुर्दंड का भरायचा? बिलांची फाईल समोर ठेवली तर शोरूममध्ये कुणी उघडून बघत नाही. शिक्षकांनी एकूण एक पान वाचलं, म्हणून मला भाव मिळाला.

पंचगंगा
माझ्याकडे आणा, मी वाचतो.

चक्रधर
एक राहिलं. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी विकल्यावर विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. ५० टक्क्यांपर्यंतची सूट आहे ती. शोरूमची पॉलिसी घेणार असाल तर ती धरलीय का ते सही करण्याआधी बघा, आणि "वर किती" मध्ये मोजा.

गोदाकाठ
"वर किती" मोजायचं, हे घेतो तुमच्याकडून. पण त्या हिशोबात बाहेरच्या गिऱ्हाइकाचा भावही मांडा, तुमच्या धाग्यात तो रकानाच नाही. आणि वैदर्भीताई, पुढची गाडीही मी बाहेरच विकणार. फक्त घेणाऱ्याला बरोबर घेऊन आरटीओत जाईन आणि अर्जाची पावती हातात पडल्यावरच किल्ली देईन.