डिकम्प्रेशनचे नियोजन: सबसरफेस, मल्टिडेको की आणखी काही?

धरमपेठकर (नागपूर)

नमस्कार. येत्या हिवाळ्यात अंदमानला डिकम्प्रेशन डायव्हिंगचा, म्हणजे वर येताना ठरलेल्या खोलींवर थांबत यावे लागते अशा डायव्हिंगचा, अभ्यासक्रम करायचा आहे. नागपूरहून कुठलाही समुद्र लांबच, त्यामुळे तोवरचा सराव तरणतलावात आणि लॅपटॉपवर. येण्याआधी स्वतः आराखडे करून पाहा, असे प्रशिक्षकांनी सांगितले आहे; सॉफ्टवेअर मात्र सुचवलेले नाही. ४० मीटर खोली, तळाशी २५ मिनिटे, पाठीवरच्या जोडटाकीत २८ टक्के नायट्रॉक्स (म्हणजे २८ टक्के ऑक्सिजन, बाकी नायट्रोजन) आणि २१ मीटरपासून ५० टक्के नायट्रॉक्स, अशी एकच डाइव्ह मी सबसरफेस आणि मल्टिडेको या दोन्हींत घालून पाहिली. मल्टिडेकोने पहिला थांबा बराच खोल दिला, सबसरफेसने उथळ दिला, आणि एकूण वेळही जुळला नाही. यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा? पैसे देऊन घेतलेले अधिक खात्रीचे असते का? शिवाय नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे. उंचीच्या रकान्यात तो आकडा भरायचा का?

खोलपाणी (नागपूर)

आपण दोन सॉफ्टवेअरची नव्हे, थांबे ज्यांवरून काढतात त्या दोन गणिती मॉडेलांची तुलना केली आहे, असे वर्णनावरून दिसते. मल्टिडेकोत बहुधा व्हीपीएम-बी निवडलेले राहिले असावे आणि सबसरफेसमध्ये ब्यूलमान. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही मॉडेले उपलब्ध आहेत. दोन्हीकडे ब्यूलमान निवडा, ग्रेडियंट फॅक्टर सारखे ठेवा, वर येण्याचा वेग, शेवटचा थांबा ३ मीटरला की ६ मीटरला, आणि वायू बदलताना धरलेला वेळ हेही जुळवा; मग फरक एखाद-दुसऱ्या मिनिटावर येईल.

झुरिचच्या डॉ. ब्यूलमान यांच्या झेडएचएल-१६ मॉडेलमध्ये शरीराचे १६ काल्पनिक कप्पे धरले आहेत; त्यांतले काही थोड्याच मिनिटांत वायूने भरतात आणि रिकामे होतात, तर सर्वांत संथ कप्प्याचा नायट्रोजनसाठीचा अर्धकाळ ६३५ मिनिटांचा आहे. प्रत्येक कप्पा बाहेरच्या दाबापेक्षा किती जादा दाब सोसू शकतो, याची एक मर्यादा ठरलेली असते आणि त्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचे, ते ग्रेडियंट फॅक्टर सांगतात. ५०/८० लिहिले तर पहिला आकडा पहिला थांबा कुठे येईल ते ठरवतो आणि दुसरा पृष्ठभागावर येताना किती जादा दाब चालवून घ्यायचा ते. पहिला आकडा २० वर आणून पाहा, म्हणजे त्याच ब्यूलमानमध्येही थांबे खोल सरकलेले दिसतील.

व्हीपीएम बुडबुड्यांच्या वाढीचा विचार करते, म्हणून ते थांबे मुळातच खोल देते. एके काळी यालाच पुढारलेपण समजले जाई. पुढे अमेरिकी नौदलाच्या प्रयोगाचा अहवाल २०११ साली आला. त्यात तीच डाइव्ह आणि डिकम्प्रेशनचा तेवढाच एकूण वेळ ठेवून, एका गटाला खोल थांबे आणि दुसऱ्याला उथळ थांबे दिले होते. खोल थांब्यांच्या गटात बेंड्सचे (शरीरात वायूचे बुडबुडे होऊन जडणाऱ्या आजाराचे) प्रमाण तिपटीहून अधिक निघाले. तपासलेले मॉडेल व्हीपीएम नव्हते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, तरीही थांबे फार खोल नेऊ नयेत एवढे मी त्यावरून घेतो.

राहिला खर्चाचा मुद्दा. सबसरफेस मोफत आहे, त्याचा स्रोत खुला आहे आणि लिनक्सवाल्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते २०११ साली सुरू केले. शिकण्यासाठी ते पुरेसे आहे. मनगटावर जो संगणक असेल त्याचेच मॉडेल आणि त्याचेच ग्रेडियंट फॅक्टर लॅपटॉपवर वापरणे, हा माझ्या मते निवडीचा खरा निकष.

उंचीच्या रकान्यात डाइव्हच्या जागेची उंची भरतात, घराची नाही. अंदमानच्या समुद्रासाठी शून्य.

टाकीवाला

थांब्यांवर इतकी चर्चा झाली, वायूचा हिशेब कोणी विचारलाच नाही. मिनिटाला २० लिटर श्वास धरला तर ४० मीटरवर, म्हणजे ५ बार दाबाला, तो १०० लिटर होतो. २५ मिनिटांचे २५०० लिटर. १२ लिटरच्या दोन टाक्यांत २०० बारला ४८०० लिटर असतात, म्हणून पुष्कळ उरले असे वाटते. आता साथीदाराचा वायू संपला आहे, दोघेही घाबरून मिनिटाला ३०-३० लिटर ओढत आहेत, तळाशी सावरायला दोन मिनिटे गेली, मग मिनिटाला ९ मीटरने २१ मीटरपर्यंत आलात आणि तिथे वायू बदलायला आणखी एक मिनिट लागले, असे धरा. त्यालाच सुमारे १३०० लिटर, म्हणजे जोडटाकीवर ५५ बारच्या आसपास लागतात. हा आकडा आधी कागदावर काढावा आणि मग सॉफ्टवेअरमधील किमान वायूच्या रकान्याशी ताडून पाहावा.

दुसरे असे की २८ टक्के नायट्रॉक्स ४० मीटरवर ऑक्सिजनच्या अंशदाबाच्या १.४ बारच्या मर्यादेत नेमका बसतो, पण त्याची घनता लिटरला साडेसहा ग्रॅमच्या घरात जाते. संशोधकांनी सुचवलेली कमाल घनता ६.२ आहे, आणि शक्यतो ५.२ च्या आत राहा असे ते सांगतात. थांब्यांचा तक्ता पाहून हे कळत नाही. हेलियम मिसळला की घनता कमी होते, म्हणून प्रशिक्षकांशी त्याबद्दल जरूर बोला.

निवांत (नागपूर)

मल्टिडेको मी पैसे देऊन घेतले आणि समाधानी आहे. त्याची मांडणी सुटसुटीत आहे आणि तक्ते पाण्यात सोबत न्यायच्या पाटीवर उतरवायला सोपे जातात. खोलपाणी यांच्या बाकी म्हणण्याशी सहमत.

धरमपेठकर (नागपूर)

आभारी आहे. दोन्हीकडे ब्यूलमान ५०/८० लावल्यावर तक्ते जवळजवळ जुळले. संगणक तिथे भाड्याने मिळणार आहे. त्यात कोणते आकडे असतील ते विचारून घेतो. ५० टक्क्यांची टाकी ऐन वेळी हातची गेली तर काय, याचा आराखडाही लागेल का?

खोलपाणी (नागपूर)

लागेलच. पाटीवर मूळ आराखडा, ३ मीटर जास्त खोल व ५ मिनिटे जास्त वेळ झाल्यास काय, आणि ५० टक्क्यांची टाकी नसल्यास काय, हे सारे लिहिलेले असावे. शेवटच्यात पाठीवरचा वायू पुरत नाही असे दिसले, तर तळाचा वेळ कमी करा. ग्रेडियंट फॅक्टर वाढवून तक्ता बसवू नका. परतीचे तिकीट काढताना शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी निदान २४ तास मोकळे ठेवा.