मदत हवी आहे: कमी फीडलाही जॉबवर फिनिश येत नाही

नमस्कार मंडळी, मी प्रॉडक्शनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टर्निंगमध्ये (लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरवून कापताना) फीडचा, म्हणजे एका फेरीत टूल किती पुढे सरकतं त्याचा, सरफेस फिनिशवर होणारा परिणाम हा माझा मिनी प्रोजेक्ट आहे आणि तो जिथे अडकलाय तिथून पुढे सरकत नाहीये.

२५ मिमीचा माइल्ड स्टील बार, कार्बाइड इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक), नोज रेडियस म्हणजे टोकाची गोलाई ०.४ मिमी, ४५० आरपीएम, म्हणजे कटिंग स्पीड साधारण ३५ मीटर प्रति मिनिट. फीडचा वर्ग भागिले (३२ गुणिले रेडियस) या सूत्राने ०.२ मिमी प्रति फेरी फीडला आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) ३.१ मायक्रॉन यायला हवा, ०.१ ला ०.७८. मला मिळतात ५.९ आणि ५.२! फीड निम्मं करूनही फरक जवळपास नाहीच. तीनदा मोजलं.

काल इन्सर्ट काढून भिंगाखाली धरला, तर टोकावर चकाकणारा धातूचा थर चिकटलेला. जॉबवरही बोटाला लागतील असे बारीक ओरखडे आहेत. मला हा बिल्ट-अप एजच (जॉबचा धातू टूलच्या धारेवर चिकटून साचणं) वाटतो, कारण कार्बाइडसाठी हा स्पीड फारच कमी आहे.

पण ८४० आरपीएमवर नेलं की चॅटर (जॉब आणि टूलची थरथर) सुरू. जॉब चकबाहेर १२० मिमी आहे, दुसऱ्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉक लावलेला नाही. आधी टेलस्टॉकचा सेंटर देऊन स्पीड वाढवू, की याच स्पीडला एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल आणि भरपूर कूलंट वापरून बघू? शॉपवर रोज काम करणाऱ्यांनी कृपया सांगा. सोमवारी मशीन मिळणार आहे, तेही दोनच तास.