मदत हवी आहे: गॅम्बेसन (मध्ययुगीन शिपायाचा जाड अंगरखा) पुण्यात शिवून मिळेल का?

मंडळी, स्वीडनच्या गॉटलंड बेटावर व्हिस्बीला दर ऑगस्टमध्ये मध्ययुगीन सप्ताह भरतो. १३६१ साली डेन्मार्कचा राजा वाल्देमार याच्या फौजेने तिथल्या शेतकऱ्यांची तटाबाहेर कत्तल केली. जुन्या काळच्या वेषात तिथे जाणाऱ्या आमच्या गटात त्याच काळातला पेहराव चालतो, आणि मला साध्या पायदळ शिपायाचा गॅम्बेसन हवाय. म्हणजे कापडाचे बरेच थर एकावर एक ठेवून उभ्या ओळींत टाके घातलेला जाड अंगरखा. कड्यांच्या चिलखताखाली घालतात, गरिबाला नुसता तोच.

इथे तयार मिळतो तो महाग. स्वस्तातल्यात पॉलिएस्टर भरलेलं असतं. उकडून जीव जातो, वर गटातली जुनी मंडळी नाक मुरडतात ते वेगळंच.

दिवाळीत पुण्याला येतोय. गोधडी शिवणाऱ्या मावशींना हे सहज जमेल असं मला वाटतं. कुणी ओळखीचं आहे का? वरचा थर लिननचाच हवा, पण आतले मांजरपाटाचे केले तर किती थरांपर्यंत हाताने सुई जाते? बाही काखेत उघडी ठेवायची आहे, नाहीतर तलवार उचलताना हात वर जात नाही. कागदी साचा माझ्याकडे आहे. मजुरी साधारण किती द्यावी तेही सांगा, उगीच घासाघीस करायची नाहीये.