काळा धूर: आधी एअर क्लीनर बघा
रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) चालवताना ट्रॅक्टरला काळा धूर येतो, असा प्रश्न एकाने विचारलाय आणि त्यावर कुणीतरी इंजिनाचा डिझेल पंप खोलायचा सल्ला दिलाय. एवढ्यात नका खोलू. एअर क्लीनर ऑइल बाथचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा तेलाने गाळणारा असेल तर खालची वाटी काढून बघा. तळाशी घट्ट गाळ बसला असेल तर इंजिनाला हवाच कमी पडतेय. वाटी आणि जाळी डिझेलने धुवा, नवं तेल खुणेपर्यंतच भरा. जास्त झालं तर इंजिन ते ओढून घेतं. धुळीच्या कामात हे रोज बघायला हवं.

आणि कळकळीने सांगतो, पात्यांत अडकलेलं पाचट काढताना इंजिन बंद करून चावी खिशात ठेवा. ट्रॅक्टरमागून रोटाव्हेटरला फिरवणारा दांडा, म्हणजे पीटीओ शाफ्ट, ५४० आरपीएमचा (मिनिटाला ५४० फेरे) असेल तर सेकंदाला ९ फेरे मारतो, उपरण्याचं टोक गुंतलं तर सोडवायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरचं गार्ड कुणी काढलं असेल तर आजच बसवून घ्या.